हातवाली आणि तोंडवाली

माझ्या वहिनींचे हात तुम्ही नक्की पाहिले असतील. वहिनींना पाहिलं नसेल. साबणाच्या जाहिरातीत फेस बाजूला सारून वर येणारे हात, सिनेमात पाकीट फोडताना थरथरणारी बोटं, नायकाच्या सदऱ्याचं बटण लावणारी नखं, हे सगळं वहिनींचं. त्या हातांच्या वर जो चेहरा दिसायचा तो मात्र एका मोठ्या नटीचा. चेहरा देखणाच होता, पण बोटं आखूड, जाड आणि नखं चपटी. त्यामुळे हात जवळून दाखवायचे असले की नटीच्या मागे वहिनींना बसवायचे आणि नटीच्या बाह्यांतून वहिनींचे हात पुढे यायचे. स्टुडिओतल्या लोकांनी दोघींना नावं पाडली होती, एक तोंडवाली आणि एक हातवाली. समोर अर्थात तोंडवालीला सगळे मॅडम म्हणत.

हे हात सांभाळणं म्हणजे आमच्या घराचा दुसरा धंदाच होता. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, शिंप्याच्या दुकानात कापड बेतायचा. दिवसभर कात्री चालवून घरी आला की भांडी घासायचा. वहिनी हातमोजे घालून खुर्चीत बसायच्या आणि तिथून देखरेख करायच्या.

"अहो, त्या पातेल्याचा तळ राहिला."

"मग राणीसाहेबांनी जातीनं येऊन घासावा."

"घासते की. उद्या मॅडमच्या बाह्यांतून तुमचे हात घालू. नायक पळून जाईल."

माझं लग्न होईपर्यंत मी त्यांच्याकडेच राहत होतो, त्यामुळे भाजी चिरणं माझ्याकडे होतं. वहिनींनी त्या काळात काडी ओढली नाही, सुरी धरली नाही, उन्हात मोज्यांशिवाय पाऊल टाकलं नाही. पुतणी झाली तेव्हा तिला न्हाऊ घालायचं काम दादाचं आणि पुढे तिच्या वेण्या घालायचं माझं. माझ्या वेण्या वाकड्या होत. शाळेतल्या बाईंनी विचारलं, "वेणी कुणी घातली गं?" तर पोरगी ताठ मानेनं म्हणाली, "काकानं. आईचे हात मॅडमचे आहेत." घरी हा किस्सा आम्ही हसत हसत सांगायचो. वहिनी हसायच्या नाहीत.

त्यांनी पस्तिशी ओलांडली आणि ते दिवस संपले. एका साप्ताहिकात छापून आलं की मॅडमचे हात मॅडमचे नाहीत. बातमी कोणी फोडली ते कधी कळलं नाही. वहिनींनी खासच नाही, त्या तर आम्हालासुद्धा सेटवरची गोष्ट सांगत नसत. पण मॅडमचा संशय सरळ त्यांच्यावर गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या युनिटसमोर मॅडमनी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत दिव्याखाली नेलं.

"या, सगळे या. बघा. शिरा बघा, सुरकुत्या बघा. कोंबडीचे पाय आहेत नुसते! असले म्हातारीचे हात मी माझे म्हणून कशाला मिरवीन? घरी जा बाई, भांडी घास."

आधी एकजण हसला. मग सगळेच हसले. मॅडम बोलल्या की हसायचं, अशी तिथली पद्धत होती. दुसऱ्या दिवसापासून एक विशीतली मुलगी हातांसाठी आली. हातवाली तोंड उघडते असा बोभाटा झाल्यावर वहिनींना दुसरीकडे कुठेही काम मिळालं नाही.

मनगट धरलं त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन त्यांनी हातमोजे काढले आणि ओट्यावरची सगळी भांडी घासली. घासून ठेवलेली होती तीही घासली. दादा म्हणाला, "अगं, पुरे." त्यांनी ऐकलं नाही. मग हात न पुसताच आमच्यासमोर येऊन बसल्या आणि झालेलं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "एकदा, फक्त एकदा, त्याच दिव्यांखाली, त्याच लोकांसमोर तिला तशी उभी करायचीय. मग माझं काही मागणं नाही."

आम्हाला वाटलं, रागाच्या भरात बोलतायत. राग आठवड्याभरात निवतो, असा माझा समज होता. वहिनींचा राग निवला नाही. त्यांनी तो आधी हातांवरच काढला. इस्पितळाच्या धुलाईखान्यात नोकरी धरली. उकळतं पाणी, सोडा, चादरींचे ओले ढीग. तिथे रबरी मोजे फुकट मिळत, ते त्या घालत नसत. पुतणी मलम घेऊन मागे लागायची.

"आई, निदान रात्री तरी लाव गं. सालटं निघालीत."

"निघू देत. इतकी वर्षं लाड केले, काय मिळालं? आता भोगू देत त्यांना."

दहा-पंधरा वर्षांत ते हात ओळखू येईनात. पेरं सुजून गाठी झाल्या, पंजांच्या पाठीवर तपकिरी डाग पडले, शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या. पन्नाशीच्या बाईचे हात ऐंशीचे दिसायला लागले. चेहरा मात्र तुकतुकीत राहिला. अनोळखी माणूस आधी चेहऱ्याकडे बघायचा, मग हातांकडे आणि मग पटकन दुसरीकडे.

असे ते हात एका माणसाला मात्र फार आवडले. स्टुडिओतले जुने मेकअपकाका गुडघ्याच्या उपचारासाठी इस्पितळात आले होते. धुलाईखान्याच्या दारात त्यांना वहिनी भेटल्या. काकांनी त्यांचे हात हातात घेतले, उलटसुलट केले आणि त्यांचे डोळे चमकले.

"बाई, हे सोनं आहे सोनं!"

"काका, गुडघ्याबरोबर डोळेही दाखवून घ्या."

काका थट्टा करत नव्हते. त्यांच्याकडे एका भयपटाचं काम आलं होतं. मावळतीला लागलेली एक नटी तारुण्याचं औषध घेते. चेहरा दिवसेंदिवस कोवळा होत जातो आणि त्याचा भुर्दंड बाकीच्या अंगाला बसतो. आधी हात म्हातारे होतात. मग ते तिचं ऐकेनासे होतात. शेवटी आरशासमोर तिचेच हात तिच्या चेहऱ्यावर चालून जातात आणि तो सोलून काढतात. रबराचे हात करून झाले होते, पण कॅमेरा जवळ नेला की रबर ते रबर, त्याच्या शिरा हलत नाहीत. दिग्दर्शकाला खरे हात हवे होते. आणि नटीच्या कामाला मॅडमच होत्या. त्यांना काम मिळणं कमी झालं होतं आणि या सिनेमावर त्यांची सगळी भिस्त होती.

"हात माझे असणार हे मॅडमना कळेल?" वहिनींनी विचारलं.

"विचारणार नाहीत त्या. हात कुणाचे, हे त्यांनी कधी विचारलंय?"

"मग येते मी."

दादा बरोबर जायला तयार होईना. "त्या बाईचं तोंड दिसलं तर माझा हात उठेल," म्हणाला. म्हणून मी कचेरीतून रजा घेऊन वहिनींबरोबर गेलो.

स्टुडिओ म्हणजे पत्र्याची एक मोठी शेड. जमिनीवर जाड केबली, त्यांच्यावर चिकटपट्ट्या, कोपऱ्यात चहाच्या कागदी कपांचा ढीग. शॉट सुरू झाला की आवाज नको म्हणून पंखे बंद करायचे आणि मग सगळी शेड घामाघूम. मधोमध नटीच्या खोलीचा सेट होता. आरसा, त्याभोवती दिवे, समोर बिनपाठीचं स्टूल. मला साउंडवाल्याशेजारी एका पेटीवर बसवलं. तो गप्पिष्ट होता. "बसा साहेब, ऐका मजा," म्हणत त्याने जादाचे हेडफोन माझ्या कानाला लावले. मॅडमच्या गळपट्टीत माइक होता, त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत होता.

मॅडम आल्या आणि सगळी शेड उभी राहिली. लांबून त्या चाळिशीच्याही वाटत नव्हत्या. गालावर काकांनी खोट्या कातडीचा एक पातळ थर बसवला होता, वहिनींनी तेवढाच सोलायचा होता. मॅडम स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझे हात मागे बांधा. काल रबरी हात लावले तेव्हा माझं कोपर हललं आणि तीन शॉट वाया गेले." मऊ फडक्यानं त्यांची मनगटं पाठीमागे बांधली. मग वहिनी मागे गुडघ्यांवर बसल्या, त्यांच्यावर काळं कापड पडलं आणि मॅडमच्या बाह्यांतून ते हात बाहेर आले. शेडमध्ये कुणीतरी "बाप रे" म्हणालं. दिग्दर्शक तरुण होता, तो खुशीत आला.

तालीम सुरू झाली. उजवा हात वर गेला. गालाकडे जाता जाता त्याने मॅडमची एक बट कानामागे सारली. ते कुणी सांगितलं नव्हतं. पूर्वी प्रत्येक प्रेमप्रसंगात मॅडमची बट जशी मागे जायची, अगदी तशीच ती गेली. माझ्या कानातला श्वास थांबला.

"हातवाली?" मॅडम ओठ न हलवता कुजबुजल्या.

"हो मॅडम," पाठीमागून आवाज आला.

हात तिथून कानशिलाकडे गेला आणि थांबला. बोट एका जागी जरा फिरलं, मागे विगच्या कडेखाली गेलं. मला काही कळेना. साउंडवाल्याने माझ्याकडे झुकून खुलासा केला, "कानशिलाला टेप असते. तिला दोरे, दोरे मागे विगखाली बांधतात. कातडं ताणून धरतात. काका आणि आम्ही दोघंतिघं सोडले तर कुणाला माहीत नाही. दिग्दर्शकालाही नाही."

वहिनींना आता माहीत झालं होतं. त्यांच्या नाकासमोरच ती गाठ होती.

"तिथे हात लावायचा नाही," मॅडमचा आवाज आला. "लावलास तर तुला या धंद्यात कुठेही उभं राहू देणार नाही."

"उभी कुठे आहे, मॅडम? तुम्ही मला केव्हाच बसवलंय."

एवढ्यात पंखे बंद झाले, दिवे लागले. मॅडमना ओरडून सगळं थांबवता आलं असतं. पण काय म्हणून थांबवणार? टेपचं नाव घ्यायची सोय नव्हती. कॅमेरा सुरू झाला.

हात वर आले. डावा गालावरून फिरला, नख लावलं आणि खोटी कातडी ठरल्याप्रमाणे हनुवटीपर्यंत सोलून काढली. इथे शॉट संपायचा होता. हात थांबले नाहीत. उजव्या हाताने विगची कड पकडली आणि एका झटक्यात विग मागे खेचला. आत विरळ, पांढरे, डोक्याला चापून बसवलेले केस. मग दोन्ही हात कानामागे गेले. गाठ सुटली, टेपा टरकन निघाल्या आणि चेहरा खाली आला.

मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण तो चेहरा खाली आला असंच म्हणावं लागेल. भुवया डोळ्यांवर उतरल्या, गाल जबड्यावर, जबडा गळ्यावर. मॅडम ओरडल्या. बांधलेले हात मागे तटातटा ओढत ओरडल्या. ते दोन म्हातारे हात मात्र त्यांची हनुवटी धरून चेहरा आरशाकडे करून बसले होते, मान फिरवू देत नव्हते. आजूबाजूला सगळं युनिट उभं होतं. दिवे चालू होते. इतकी वर्षं वहिनींनी जे मागितलं होतं ते असं समोर घडत होतं.

"कट!" दिग्दर्शक ओरडला आणि दुसऱ्या क्षणाला टाळ्या सुरू झाल्या. सगळी शेड टाळ्या वाजवत होती. तो धावत सेटवर गेला. "मॅडम, काय केलंत हे! केवढी हिंमत! ही कल्पना कुणाची?"

मॅडमचा श्वास माझ्या कानात धापा टाकत होता. मग त्याच ठेवणीतल्या आवाजात म्हणाल्या, "माझी. कुणाला आधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही करू दिलं नसतं."

काळं कापड बाजूला झालं. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्याजवळ येऊन त्या दातओठ खात म्हणाल्या, "भाऊजी, बघितलंत? माझे हात तिनं आपले म्हणून वापरले, चालवून घेतलं. आता माझा सूडही आपल्या नावावर केला!" त्या पिशवी उचलून निघाल्याच होत्या. मीही उठलो.

तेवढ्यात दिग्दर्शकाचा आवाज आला. "हातवाल्या मावशींना जाऊ देऊ नका! हेच आपण आता बाजूनं घेऊ. मग डोळ्यांचा क्लोज. मग पाठीमागून. काका, मॅडमना परत पहिल्यासारखं तयार करा. टेप, दोरे, सगळं."

वहिनी थांबल्या. मॅडमकडे वळून पाहिलं. मॅडमही त्यांच्याकडे पाहत होत्या. कल्पना मॅडमची होती, असं त्या सगळ्यांसमोर बोलून बसल्या होत्या. आता नाही कशी म्हणणार?

वहिनींनी पिशवी माझ्या हातात दिली. "बसा भाऊजी. चहा घ्या. वेळ लागेल."

मग दिवसभर तेच चाललं. काकांनी टेपा चिकटवायच्या, गाठ मारायची, विग बसवायचा. दिवे, कॅमेरा. हात वर येणार, विग जाणार, टेपा निघणार, चेहरा खाली येणार. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा छताला टांगलेल्या कॅमेऱ्यातून. एकदा तर कॅमेरा नीट जुळला नाही म्हणून. मॅडमच्या कानशिलांची कातडी आधी गुलाबी, मग लाल, मग ओली झाली. दिग्दर्शक प्रत्येक वेळी म्हणायचा, "अप्रतिम! अजून एक."

दुपारनंतर हेडफोनमध्ये मॅडमचा आवाज आला. त्यात आता मॅडमपण उरलं नव्हतं.

"जरा हळू ओढ ना गं."

"म्हाताऱ्या हातांना हळू जमत नाही, मॅडम."

पुढच्या शॉटला वहिनी हळू ओढतील असं मला वाटत होतं. त्यांनी पहिल्यापेक्षा जोरात ओढलं. परतताना गाडीत मी म्हणालो, "वहिनी, शेवटी शेवटी जरा अतीच झालं." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "तुमचं मनगट कुणी धरलं नव्हतं, भाऊजी," एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा विषय काढला नाही.

सिनेमा लागला आणि तुफान चालला. आम्ही सगळे पाहायला गेलो होतो. पडद्यावर हात आले तशी माणसं किंचाळली, आणि आमच्या रांगेत वहिनी मोठ्यानं हसल्या. पुढच्या खुर्चीतल्या बाईनं वळून रागानं पाहिलं. मॅडमची सगळीकडे वाहवा झाली. हिंमत, प्रामाणिकपणा, वयाचा स्वीकार, असे मोठमोठे शब्द छापून आले. त्यांचं नाव पुन्हा वर गेलं. मात्र आता जिथे जातील तिथे लोकांना तेच हवं असायचं. दुकानाच्या उद्घाटनाला छायाचित्रकार ओरडायचे, "मॅडम, टेप काढा!" मुलाखतीत निवेदक लाडीगोडी लावायचा, "एकदा करून दाखवा ना." ताणलेला चेहरा खरा म्हणून मिरवण्याची त्यांची सोय कायमची गेली.

एका रविवारी काकांचा फोन आला. मी आणि माझी बायको तेव्हा दादाकडेच होतो. वहिनींच्या हातात इस्त्री होती, म्हणून पुतणीने फोन मोठ्या आवाजावर ठेवला. मॅडमना मोठा पुरस्कार मिळाला होता. सोहळ्यात हजारो लोकांसमोर तोच प्रसंग रंगमंचावर सादर करायचा होता आणि तो घरोघरी टीव्हीवर दिसणार होता.

"बाई, मॅडमनी स्वतः तुझं नाव घेतलंय," काका म्हणाले. "दुसऱ्या दोघींना बसवून पाहिलं. गाठ सुटत नाही, टेप अर्धवट निघते, लोक हसतील म्हणतात. मला म्हणाल्या, तिच्या हातांशिवाय माझं चालत नाही. अगदी याच शब्दांत. आणि... तिला आणायला पाय धरायला लागले तरी धरा, असंही म्हणाल्या."

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी वहिनींकडे. हे वाक्य त्यांनी इतकी वर्षं स्वप्नात ऐकलं असेल. त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली.

"काका, मॅडमना माझा निरोप सांगा. म्हणावं, आता स्वतःच्या हातांनी काढा."

"अगं, पण ते हात..."

"माहीत आहेत मला ते हात. जगाला दिसू देत की."

सोहळ्याच्या दिवशी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. रंगमंचावर आरसा, दिवे, स्टूल. मॅडम आल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, संगीत सुरू झालं. त्यांनी हात वर नेले, आणि कॅमेरा जवळ गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही ती बोटं पाहिली, आखूड, जाड, अंगठ्यांनी भरलेली. विग निघाला. मग बोटं कानामागे गेली आणि तिथे चाचपडत राहिली. गाठ सापडेना. संगीत संपत आलं. डावी टेप निघाली, उजवी निघेना. अर्धा चेहरा खाली आणि अर्धा वर. बोटं ओढतायत, खरवडतायत. सभागृहात आधी एकजण हसला. मग हळूहळू हसणं मागच्या रांगांपर्यंत गेलं.

माझ्या बायकोने तोंड फिरवलं. दादा म्हणाला, "बंद करा रे ते."

"खबरदार," वहिनी म्हणाल्या. पुढे सरकून त्या अगदी टीव्हीजवळ जाऊन बसल्या. मग पुतणीकडे न बघताच हात मागे केला.

"आवाज वाढव गं जरा. मला हसणं नीट ऐकू येत नाही."